प्राध्यापक यागी आणि त्यांचे शिष्य

आमच्या बालवाचकांच्या आईवडिलांस एक दृश्य खचित आठवत असेल. घराच्या छपरावर लोखंडी नळीचा उंच खांब, खांबाच्या टोकाशीं आडवी दांडी, आणि तिच्यावर माशाच्या कांट्याप्रमाणें ओळीनें बसविलेल्या अॅल्युमिनियमच्या कांड्या! मुंबईंत २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरदर्शनचें केंद्र सुरू झालें, व पुढील वर्षीं सिंहगडावरील मनोऱ्यामुळें पुणेकरांनाही चित्रें दिसूं लागलीं. तेव्हांपासून कित्येक वर्षें हा सांगाडा घराघरावर दिसे. वारा सुटला कीं तो फिरे, चित्र पुसट होई. मग एक मुलगा गच्चीवर चढून तो जागेवर आणी, आणि दुसरा खिडकींतून ओरडून चित्राची वार्ता सांगे. आतां केबल व तबकड्या आल्यामुळें बहुतेक छपरांवरून तो उतरला आहे. ज्या जपानी अध्यापकांचें नांव या सांगाड्यास लाभलें, त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों; कारण त्यांत विद्येइतकाच न्यायाचाही प्रश्न गुंतलेला आहे.

हिदेत्सुगु यागी यांचा जन्म ओसाका या व्यापारी शहरीं २८ जानेवारी १८८६ रोजीं झाला. १९०९ सालीं तोक्यो येथील शाही विश्वविद्यालयांतून ते विद्युत्-अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले, आणि लवकरच सेंदाई या उत्तरेकडील शहरीं शिकवूं लागले. १९१३ सालीं अधिक अध्ययनासाठीं ते जर्मनींत ड्रेस्डेन येथें बार्कहाउझेन यांजकडे गेले. परंतु वर्ष उलटतें न उलटतें तोंच महायुद्ध पेटलें, व त्यांना तो देश अंतरला. यागी खचले नाहींत. त्यांनीं लंडन गांठलें व बिनतारी यंत्रांतील निर्वात नळीचे जनक फ्लेमिंग यांच्या प्रयोगशाळेंत काम केलें. तेथून अमेरिकेंत हार्वर्ड येथें पिअर्स यांजपाशीं ते राहिले. अशा रीतीनें तीन देशांतील तीन गुरूंची विद्या घेऊन १९१६ सालीं ते स्वदेशीं परतले. पुढें सेंदाई येथील तोहोकू विश्वविद्यालयांत ते प्राध्यापक झाले.

त्या काळीं बिनतारी संदेश बहुधा फार लांब तरंगांवर पाठवीत. यागींचें लक्ष मात्र कांहीं मीटर लांबीच्या अगदीं आखूड तरंगांकडे लागलें होतें. दिव्याचा प्रकाश आरशानें एका दिशेस फेंकतां येतो, तसा विद्युत्-तरंगांचा झोतही एकाच दिशेस कां फेंकूं नये, हा त्यांचा ध्यास होता. त्यांनीं हा ध्यास आपल्या विद्यार्थ्यांसही लावला. त्यांपैकीं शिंतारो उदा हे १९२४ सालीं पदवीधर झालेले तरुण; त्यांनीं हें काम अंगावर घेतलें. धातूच्या कांड्या घ्यावयाच्या, त्यांची लांबी थोडी कमी-अधिक करावयाची, त्यांतील अंतर बदलावयाचें, आणि प्रत्येक वेळीं तरंगाचा जोर मोजावयाचा, असें हें चिकाटीचें काम होतें.

त्यांतून जें निष्पन्न झालें तें वरवर पाहतां अगदीं साधें आहे. सांगाड्यांतील एकाच कांडीस तार जोडलेली असते. ती तरंगाच्या सुमारें अर्ध्या लांबीची असते. तरंग दीड मीटरचा असेल तर कांडी पाऊण मीटरची. तिच्या मागें थोडी अधिक लांब कांडी असते, ती तरंगास परतविते. पुढें थोड्या आखूड कांड्या ओळीनें असतात, त्या तरंगास वाट दाखवितात. या पुढच्या-मागच्या कांड्यांना तार नाहीं, कांहीं नाहीं. तरी आलेला तरंग त्यांच्यांत विजेचा हेलकावा उत्पन्न करितो, आणि त्या हेलकाव्यापासून नवा तरंग निघतो. समोरून येणारे हे सर्व तरंग मधल्या कांडीपाशीं एकाच तालांत पोंचतात व त्यांचा जोर वाढतो. मागून आलेले परस्परांस मारक होतात. दोघी बायका जात्याच्या एकाच खुंट्यास हात घालून दळतात, तेव्हां दोघींचा ताल जमला तरच जातें हलकें फिरतें; ताल चुकला तर एकीचें बळ दुसरीस नडतें. तोच हा न्याय.

हा न्याय घरोघरींही अनुभवास येई. एकाच अँटेन्यावर दोन संच चालवावयाचे झाल्यास आलेल्या शक्तीची वांटणी होई, व प्रत्येक संचास फार तर अर्धा भाग मिळे. चार संच असले तर पाव. कोणी उतावळेपणानें तारांना नुसता पीळ देऊन दोन फांटे काढी. मग तरंगाचा कांहीं अंश सांध्यावर आपटून मागें फिरे, आणि पडद्यावर माणसाच्या शेजारीं त्याची पुसट सावली दिसे. याकरितां वांटणीची लहानशी डबी लागते. तिच्यांत लोहमिश्रित कड्यावर तारेचे मोजके वेढे असतात, आणि ते शक्तीचे बिनतक्रार सारखे भाग करितात. उलट, केंद्र दूर असल्यास दोन अँटेने एकाच दिशेस लावून त्यांची शक्ति एकत्र करितां येते. परंतु दोहोंपासून येणाऱ्या तारा समान लांबीच्या पाहिजेत. वर सांगितलेल्या दीड मीटरच्या तरंगास एक तार जेमतेम अर्धा मीटर अधिक झाली, तर दोन्ही तरंग एकमेकांस पुसून टाकतात, आणि दोन अँटेने असूनही चित्र जवळजवळ नाहींसें होतें! दोन निरनिराळ्या दिशांकडील केंद्रें एका तारेंत आणावयाचीं असतील, तर प्रत्येकाच्या वाटेवर आपलाच तरंग सोडणारी जणूं एक चाळण बसवावी लागते.

आतां न्यायाच्या प्रश्नाकडे वळूं. १९२६ सालीं यागी व उदा या दोघांच्या नांवें या शोधाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतर उदांनीं आपले प्रयोग जपानी भाषेंत विस्तारानें मांडले. परंतु शोधाचा हक्क नोंदविला गेला तो एकट्या यागींच्या नांवें. १९२८ सालीं यागी अमेरिकेस गेले; तेथें त्यांनीं व्याख्यानें दिलीं, व त्यांचा इंग्रजी निबंध अमेरिकेंतील रेडिओ-अभियंत्यांच्या संस्थेच्या मासिकांत छापून आला. त्यांत त्यांनीं उदांच्या कामाचा स्पष्ट उल्लेख केला होता. तथापि जगानें इंग्रजी वाचलें, जपानी वाचलें नाहीं. आणि सांगाड्यास नांव पडलें तें केवळ यागी! आम्ही येथें यागींस दोषी ठरविण्यास बसलों नाहीं. पण ज्या हातांनीं रात्रंदिवस कांड्या मोजल्या, त्यांचें नांव लोकांच्या तोंडीं यावयास फार वर्षें लागलीं, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

यागी हे नुसते शोधक नव्हते, हाडाचे शिक्षक होते. पुढें ओसाका विश्वविद्यालयांत ते पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. तेथें हिदेकी युकावा नांवाचे एक तरुण अध्यापक होते. बुद्धि तीव्र, पण निबंध एकही लिहून होईना. यागींनीं त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. १९३५ सालीं युकावांचा अणुगर्भाविषयींचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि १९४९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तें मिळविणारे ते पहिले जपानी होत.

इकडे यागींच्या अँटेन्याकडे त्यांच्याच देशाच्या सैन्यानें फारसें लक्ष दिलें नव्हतें. इंग्लंड व अमेरिका यांनीं मात्र तो उचलला. फेब्रुवारी १९४२ मध्यें सिंगापूर जपानच्या हातीं पडलें. तेथें एका इंग्रज सैनिकाची रडारविषयींची वही सांपडली. तींत यागी हा शब्द पुनःपुन्हां येई, आणि जपानी अधिकाऱ्यांस त्याचा अर्थ लागेना. शेवटीं त्या बंदिवान सैनिकासच विचारलें, तेव्हां तें एका जपानी प्राध्यापकाचें नांव असल्याचें त्यानें सांगितलें. घरच्या दिव्याची ओळख परक्यानें करून द्यावी, यापरती लाजिरवाणी गोष्ट कोणती? याहून दारुण गोष्ट पुढेंच होती. ऑगस्ट १९४५ मध्यें हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर जे अणुबाँब पडले, त्यांच्यावर जमिनीपासून उंची मोजणारीं रडार यंत्रें होतीं, आणि त्या यंत्रांचे अँटेने यागींच्या पद्धतीचेच होते. सेंदाईच्या प्रयोगशाळेंत जन्मलेली विद्या आपल्याच मायभूमीच्या संहारास लागली! विद्या कोणाच्या हातीं जाईल याची हमी तिच्या जनकासही देतां येत नाहीं. म्हणूनच ती हाताळणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धि जागी असावी लागते.

युद्धानंतर त्याच कांड्या शांततेच्या कामास लागल्या. १ फेब्रुवारी १९५३ रोजीं जपानांत दूरचित्रवाणी सुरू झाली, आणि हळूहळू घरोघरच्या छपरांवर यागींचा सांगाडा उभा राहिला. १९५६ सालीं जपान सरकारनें त्यांस संस्कृति-पदक देऊन गौरविलें. याच सुमारास, १९५५ ते १९५८ पर्यंत, त्यांचे शिष्य उदा हे आपल्या देशांत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत मार्गदर्शनाचें काम करीत होते. ज्या सांगाड्यानें पुढें आमच्या गांवांत चित्रें आणलीं, त्याच्या जन्मदात्यांपैकीं एकाचे पाय या भूमीस लागले होते, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी.

१९ जानेवारी १९७६ रोजीं प्राध्यापक यागी नव्वदीच्या उंबरठ्यावर निवर्तले. त्याच वर्षीं १८ ऑगस्ट रोजीं उदाही गेले. आज पाठ्यपुस्तकांतून हा अँटेना यागी-उदा या जोडनांवानें ओळखला जातो. उशिरां कां होईना, शिष्यास त्याचा वांटा मिळाला.

विद्यार्थिमित्रांनो, त्या सांगाड्यांतील तार न जोडलेल्या कांड्या आठवा. पडद्यावरील चित्राशीं त्यांचा संबंध कोणासही दिसत नाहीं, पण त्या काढून घेतल्या तर चित्र फिकें पडतें. आपल्या प्रत्येक यशामागें अशा कांड्या असतात : घरांत आई, वर्गांत शेजारचा सोबती, प्रयोगशाळेंत भांडीं धुऊन ठेवणारा शिपाई. बक्षीस घेण्यास उभे राहाल तेव्हां त्यांचें नांव घेण्यास विसरूं नका. तरंगाची वांटणी केली तर प्रत्येकाच्या पदरीं अर्धाच भाग पडतो; श्रेयाची वांटणी केली तर कोणाचेंच कांहीं उणें होत नाहीं.