नावातच लाज कशाला?

मागे आमच्या वसईत होळीवर बायकांची आरोग्याची बैठक घेतली होती. बैठक संपल्यावर एकजण मागे रेंगाळली. हळूच म्हणाली, ताई, गरमी झालीय म्हणतात, सब्जा आणि ताक घेतेय, पण उतरत नाही. मला हसावं की रडावं कळेना. नावावर विश्वास ठेवून ती बिचारी कित्येक महिने घरीच उपाय करत बसली होती.

मैत्रिणींनो, गरमीचा उष्णतेशी काहीएक संबंध नाही. गरमी म्हणजे सिफिलिस. शरीरसंबंधातून जंतू शिरतात आणि हा आजार होतो. सिफिलिस हे नाव तर एका काव्यातल्या मेंढपाळाचं. फ्राकास्तोरो नावाच्या इटलीतल्या वैद्याचं ते काव्य १५३० साली आलं. त्याआधी इटलीचे लोक याला फ्रेंचांचा रोग म्हणत, तर फ्रेंच म्हणत नेपल्सचा रोग! आपल्याकडे भावमिश्रांनी ‘भावप्रकाश’ ग्रंथात याला फिरंगरोग म्हटलं. फिरंगी म्हणजे युरोपातून आलेले लोक. आमचा वसईचा किल्ला १७३९ पर्यंत त्या फिरंग्यांकडेच, म्हणजे पोर्तुगीजांकडे होता. थोडक्यात काय, जो तो रोग दुसऱ्याच्या दारात ढकलत आला. आणि घरात? घरात बोट बाईकडेच जातं. वर नाव काय, तर गुप्तरोग! म्हणजे लपवायचाच.

अशा वेळी मला आठवतात र. धों. कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, जन्म १८८२ चा. आई राधाबाई १८९१ साली गेल्या, तेव्हा रघुनाथ जेमतेम नऊ वर्षांचा. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले, शिकायला पॅरिसला जाऊन आले. सुखाची नोकरी करून आरामात जगता आलं असतं. पण १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. बायकांचं शरीर बाळंतपणांनी आणि नवऱ्याकडून आलेल्या आजारांनी झिजतं, हे त्यांना पाहवत नव्हतं. त्यांनी ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिलं. शब्द लोकांच्या ओळखीचाच घेतला, पण आतलं काहीच गुप्त ठेवलं नाही.

या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. पत्नी मालतीबाई मात्र ठाम पाठीशी राहिल्या. मूल होऊ द्यायचं नाही हे दोघांनी ठरवलं आणि लोकांचे टोमणे सोसले. जुलै १९२७ पासून कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. ज्या शंका डॉक्टरलाही विचारायची चोरी, त्या वाचक पत्रांतून विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरी २०० रुपये दंड झालाच! कर्व्यांनी दंड भरला आणि पुन्हा लिहायला बसले. १९४४ साली मालतीबाई गेल्या, तरी मासिक थांबलं नाही. १९५३ मध्ये कर्वे गेले, तेव्हाच ते बंद पडलं.

कर्व्यांनी लिहायला घेतलं तेव्हा पेनिसिलीन नव्हतं. आज आहे. साधी रक्ततपासणी आणि वेळेवर इंजेक्शन घेतलं की सिफिलिस बरा होतो. गरोदर बाईनं तर ही तपासणी चुकवूच नये, नाहीतर रोग पोटातल्या बाळाला लागतो. सरकारी रुग्णालयात या आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. किती बरं नाव आहे ना!

त्या बाईला घेऊन मी दवाखान्यात गेले. तपासणीत सिफिलिसच निघाला. नवऱ्यालाही उपचार हवेत, नाहीतर हिला पुन्हा लागण होईल, असं डॉक्टरांनी बजावलं. तो महिनाभर तयार होईना. शेवटी तीच त्याच्यासमोर उभी राहिली आणि आजाराचं नाव घेऊन स्पष्ट बोलली. गरमी नाही, गुप्तरोग नाही, सिफिलिस. दुसऱ्या दिवशी तो निमूट दवाखान्यात आला.

नाव उच्चारायला आपण लाजलो, तर औषध मागणार तरी कशावर?