काचेतला समुद्र
घरच्या काचपेटीत समुद्र सांभाळण्याचा छंद ज्यांनी लोकप्रिय केला, त्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांचा जन्म १८१० चा. न्यूफाउंडलंड, अलाबामा, जमैका अशी भ्रमंती झाल्यावर १८५२ मध्ये प्रकृतिस्वास्थ्यासाठी ते डेव्हनच्या किनाऱ्यावर आले. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांतून ते समुद्रफुले आणि प्रवाळ गोळा करीत. ओढून काढल्यास समुद्रफुलाचा मऊ तळ फाटतो. म्हणून छिन्नी-हातोड्याने खडकाचा तुकडाच सुटा करून ते तो टाकीत मांडीत. प्राणवायूसाठी सोबत जिवंत शेवाळ. मृदू प्रवाळ पाळणारे आजही शक्यतो दगडासकटच जागा बदलतात, ते याच न्यायाने.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी गॉस यांनी जीव पुरविले. १८५४ च्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या ग्रंथाने तर इंग्लंडला वेडच लावले. दुर्दैव असे, की हौशी संग्राहकांच्या झुंडींनी तीच डबकी ओरबाडून काढली. याचे शल्य खुद्द गॉस यांना होते, असे पुत्र एडमंड यांनी १९०७ च्या आत्मकथनात नोंदविले आहे. १८८८ मध्ये डेव्हनमध्येच गॉस यांचे निधन झाले.