मेलेला राजा आणि त्याचे तोतये

१७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पुण्याला ते पटले नाही. पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. पुढे एक इसम आपणच भाऊ म्हणून उभा राहिला, तेव्हा भलीभली माणसे त्याच्या मागे गेली. १७७६ साली त्या तोतयाला देहान्त शासन झाले. एवढे आपण सर्वांनी वाचलेले असते. पण नेमक्या याच जातीची हकिकत विसाव्या शतकात, चंद्रावर माणूस धाडणाऱ्या अमेरिकेत घडली, आणि तिचा नायक सेनापती नव्हे तर एक गवई होता. म्हणून म्हटले, आज आपण एक खोटी खोटी चौकशी समिती नेमू या. आरोपी : एल्विस प्रेस्ली, धंदा गाण्याचा. आरोप : मरणाचे सोंग घेऊन पसार होणे.

प्रथम आरोपीची ओळख. जन्म ८ जानेवारी १९३५, मिसिसिपी राज्यातील टुपेलो गावी, बापाने कर्ज काढून बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात. जुळ्यांपैकी दुसरा भाऊ मृतच जन्मला. एल्विस तीन वर्षांचा असताना बाप व्हर्नन धनादेशातील आकडा बदलल्याबद्दल तुरुंगात गेला. आई ग्लॅडिसने पोराला पदराखाली वाढविले. १९४८ साली सारे कुटुंब मेम्फिस शहरात आले आणि सरकारी चाळवजा घरात राहू लागले. १९५३ मध्ये एल्विस शाळेची शेवटची परीक्षा पास झाला. आईबापांना जे जमले नव्हते ते त्याने केले. ज्याच्या घरात शाळेचा दाखला पहिल्यांदाच येतो त्याला या वाक्याचे वजन निराळे सांगायला नको.

त्याच उन्हाळ्यात सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत चारएक डॉलर भरून त्याने हौसेने स्वतःची एक तबकडी मुद्रित करून घेतली. पुढे पोटासाठी तो विजेच्या सामानाचा ट्रक चालवू लागला. ५ जुलै १९५४ च्या रात्री फिलिप्सच्याच स्टुडिओत, काम जमत नव्हते म्हणून गंमत करता करता, त्याने आर्थर क्रुडप या काळ्या गायकाचे जुने गाणे निराळ्याच चालीत उडवून दिले. तिथून पुढचा इतिहास जग जाणते. मात्र एक गोष्ट जग चटकन विसरते. हे संगीत काळ्या वस्त्यांतून आणि चर्चमधून आले होते. क्रुडपला आपल्या गाण्याची रास्त रक्कम मरेपर्यंत, म्हणजे १९७४ पर्यंत, मिळाली नाही. राजमुकुट गोऱ्या डोक्यावर बसला, सोने दुसऱ्याच्या खाणीतले होते. यात एल्विसचा दोष किती, हा वेगळ्या निबंधाचा विषय आहे.

१९५५ च्या अखेरीस आरसीए कंपनीने त्याचा करार ३५,००० डॉलरला विकत घेतला. १९५६ साली एड सलिव्हनच्या दूरदर्शन कार्यक्रमात सुमारे ६ कोटी लोकांनी त्याला पाहिले. त्याचे कंबर हलविणे इतके अश्लील ठरले, की पुढल्या वर्षी कॅमेऱ्याने त्याला कमरेच्या वरच दाखविले! आपल्या शम्मी कपूरला हिंदुस्थानचा एल्विस म्हणत, ते त्या कंबरेमुळेच. १९५७ मध्ये त्याने ग्रेसलँड हा वाडा घेतला आणि आईबापांना तिथे नेले. आईला तो वाडा जेमतेम वर्षभरच लाभला. एल्विस सैन्यात असताना ऑगस्ट १९५८ मध्ये ती वारली.

नंतरची वर्षे भराभर सांगतो, कारण त्यातले चित्रपटही त्याने भराभरच उरकले. १९६८ च्या दूरदर्शन कार्यक्रमाने त्याला पुन्हा उभे केले. मग आले लास व्हेगास, हिऱ्यामोत्यांचे पोषाख, वर्षाकाठी शंभराच्या वर जलसे, १९७३ चा घटस्फोट, आणि झोपेसाठी गोळ्या, जागे राहण्यासाठी गोळ्या. २६ जून १९७७ ला इंडियानापोलिसमध्ये तो अखेरचा गायला. १६ ऑगस्टला ग्रेसलँडमधील न्हाणीघरात तो पडलेला सापडला. वय अवघे ४२.

आता पुरावे. पहिला पुरावा थडग्यावरचा. मधले नाव जन्माच्या वेळी एका ‘ए’ने लिहिले होते, थडग्यावर दोन ‘ए’ आले. म्हणजे बापाने मुद्दाम चूक केली, आत मुलगा नाही! प्रत्यक्षात बायबलातले स्पेलिंग एल्विसलाच हवे होते. दुसरा पुरावा : शवपेटी फार जड होती, तेव्हा आत मेणाचा पुतळा आणि तो वितळू नये म्हणून शीतयंत्र असणार. पेटी तांब्याची होती, हे या पंडितांना दिसत नाही. तिसरा पुरावा : जॉन बरोज नावाच्या कोणा माणसाने मेम्फिसहून ब्यूनोस आयरेसचे तिकीट काढले म्हणे. हे टोपणनाव एल्विस वापरत असे, १९७० मध्ये निक्सनना भेटायला गेला तेव्हाही वापरले होते, एवढे खरे. चौथा पुरावा सर्वांत गोड. इंग्रजीत ‘एल्विस’ची पाच अक्षरे फिरवली की ‘जगतो’ या अर्थाचा शब्द होतो. अशा न्यायाने आपण कोणालाही जिवंत करू शकू.

आणि तोतया? तोही झाला. जिमी एलिस नावाच्या गायकाचा आवाज हुबेहूब एल्विससारखा होता. कंपनीने १९७८ मध्ये त्याच्या तोंडावर मुखवटा चढवला, ओरायन हे नाव दिले आणि पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर शवपेटी छापली. बिचाऱ्याला स्वतःच्या चेहऱ्याने गायचे होते. लोकांना मुखवटाच हवा होता. १९८८ साली मिशिगनमधील कलमझू गावात एल्विस बर्गर खाताना दिसल्याची आवई उठली. १९९१ मध्ये या विषयावर दूरदर्शनचा खास कार्यक्रम झाला. २०१२ साली तर जोएल गिल्बर्टने एल्विस सापडल्याचाच एक खोटा माहितीपट काढला.

आमच्या समितीला या अफवा पसरविणाऱ्यांवर हसावेसे वाटले, पण पूर्ण हसता आले नाही. खऱ्या कागदांत जे आहे ते फार वाईट आहे. डॉ. जॉर्ज निकोपोलस यांनी १९७७ च्या पहिल्या आठ महिन्यांत त्याच्या नावे १०,००० हून अधिक मात्रा लिहून दिल्या होत्या. त्यांचा परवाना तीन महिने स्थगित झाला, १९८१ च्या खटल्यात ते निर्दोष सुटले आणि बऱ्याच वर्षांनी परवाना कायमचा गेला. मॅनेजर कर्नल टॉम पार्कर अखेरीस निम्म्यापर्यंत वाटा घेत होता. बाप, नोकरचाकर, भाचेपुतणे, सारे एकाच्या गळ्यावर जगत होते. त्याने थांबावे असे कोणाला परवडत नव्हते. असा माणूस रात्री विमानात बसून निघून गेला, कुठेतरी शांतपणे बर्गर खातो आहे, असे लोकांना वाटावे यात मला वेडेपणाहून माया जास्त दिसते.

पण निकाल द्यायचा तर पुराव्यावरच द्यावा लागेल. एल्विस मेला. दोन आठवड्यांच्या आत चोरांनी शव पळविण्याचा घाट घातला, म्हणून ऑक्टोबर १९७७ मध्ये त्याला आईसह ग्रेसलँडच्या आवारात आणून पुरले.

मात्र समितीला फायली चाळताना या प्रकरणात एक खरा फरारी सापडला. टॉम पार्कर हा टॉमही नव्हता आणि पार्करही नव्हता. हॉलंडमधील ब्रेडा गावचा आंद्रेआस व्हान कुइक तो. १९२९ मध्ये गुपचूप अमेरिकेत आला, नाव बदलले, आणि घरच्यांना कित्येक वर्षे पत्ता लागू दिला नाही. एल्विसला युरोपात जलसा करायला त्याने कधी नेले नाही, बहुधा स्वतःपाशी पारपत्र नव्हते म्हणूनच. तो १९९७ साली लास व्हेगासमध्ये वारला, ८७ वर्षांचा होऊन. त्याच्या मरणाविषयी कोणीच शंका घेतली नाही.