दर हजारी सतरा

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे ठरवली. त्यातले तिसरे आरोग्याचे. २०३० पर्यंत एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ७० च्या खाली आणायचे, पाच वर्षांखालील बालमृत्यू हजारी २५ किंवा त्याहून कमी करायचे, वगैरे. मग वेळोवेळी कोणता देश कुठवर पोहोचला याचे तक्ते निघतात, आपण कितवे याची बातमी छापून येते आणि दोन दिवस चर्चा होते. हे आकडे येतात कुठून, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. कुठल्या तरी रुग्णालयात रात्रपाळीचा डॉक्टर एका कागदावर मृत्यूचे कारण लिहितो, तिथून ते सुरू होतात. त्या कागदापासून देशाच्या तक्त्यापर्यंतची वाट ज्यांनी पहिल्यांदा नीट बांधली, ते विल्यम फार. आडनाव मराठीत वाचताना जरा गंमत वाटते, पण माणूस मोठा होता.

फार यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८०७ चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या केन्ली गावचा. घरची गरिबी होती. जोसेफ प्राइस नावाच्या जमीनदाराने या मुलाला लहानपणीच आपल्या घरी नेले, वाढवले, शिकवले. १८२८ मध्ये प्राइस गेले ते त्याच्यासाठी थोडे पैसे ठेवून. त्या पैशांवर तरुण फार वैद्यकी शिकायला पॅरिसला गेले. तिथे पिएर लुई हे डॉक्टर एक नवेच खूळ घेऊन बसले होते. एखादा उपचार लागू पडतो की नाही, हे गुरूच्या शब्दावर ठरवायचे नाही, रुग्ण मोजून ठरवायचे. न्यूमोनियात रक्त काढण्याचा उपचार तेव्हा सर्रास होत असे. लुईंनी रुग्ण मोजले आणि त्याचा म्हणावा तसा उपयोग होत नाही असे दाखवले. आज हे साधे वाटते. तेव्हा ते उद्धटपणाचे होते.

लंडनला परतल्यावर फार यांनी १८३२ मध्ये औषधविक्रेत्यांच्या संस्थेचा परवाना मिळवला आणि दवाखाना थाटला. तो काही चालला नाही. ते वैद्यकीय नियतकालिकांत लिहीत राहिले, आयुर्मान आणि मृत्यू यांच्या आकड्यांवर. १८३७ मध्ये लग्नाला चार वर्षे झाली असताना पत्नी क्षयाने वारली. त्याच वर्षी ब्रिटिश साम्राज्याच्या एका मोठ्या आकडेवारी ग्रंथात त्यांचे जन्ममृत्यूंवरचे प्रकरण छापून आले आणि त्याच वर्षी, १ जुलैला, इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, मृत्यू आणि विवाहांची सरकारी नोंदणी सुरू झाली. लवकरच फार त्या नोंदणी कार्यालयात रुजू झाले. हुद्दा गोषवारे तयार करणाऱ्याचा, म्हणजे आपल्या भाषेत कारकुनीचाच. पुढची चाळीस वर्षे त्यांनी तिथे काढली.

पहिला अहवाल १८३९ मध्ये निघाला आणि पहिल्याच अहवालावरून भांडण झाले. जवळपास दीड लाख मृत्यूंपैकी ६३ मृत्यूंपुढे फार यांनी उपासमार हे कारण दाखवले होते. गरिबांच्या कायद्याचा कारभार पाहणाऱ्या आयोगाचे सचिव एडविन चॅडविक यांना ते झोंबले. इंग्लंडमध्ये कोणी भुकेने मरत असेल, तर त्यांच्या खात्याचे ते अपयश ठरत होते. त्यांनी एकेका नोंदीची चौकशी लावली. यातली कित्येक अंगावरचे दूध न मिळालेली अर्भके आहेत, त्यांचा आमच्या कायद्याशी काय संबंध, असा त्यांचा रोख होता. फार मागे हटले नाहीत. सरळ उपाशी मरणारे थोडेच असतात, अर्धपोटी राहून अंगातली ताकद गेलेला माणूस तापाने किंवा जुलाबाने जातो आणि नोंद तापाची होते, तेव्हा ६३ हा आकडा उलट कमीच आहे, असे त्यांनी म्हटले. कुपोषित मुलाच्या कागदावर न्यूमोनिया लिहायचा की कुपोषण, हा वाद मेळघाटापासून नंदुरबारपर्यंत आपल्याला चांगला परिचयाचा आहे. कारणाचा रकाना हा राजकीय रकाना असतो, हे फार यांना नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळले असावे.

तो रकाना भरायचा कसा, हाही प्रश्नच होता. एकाच आजाराला चार गावांत चार नावे, डॉक्टर लिहिणार ताप, नातेवाईक सांगणार अशक्तपणा. वजन-मापांवाचून भौतिकशास्त्र चालत नाही, तसे आजारांच्या ठरलेल्या नावांवाचून आरोग्याचे शास्त्र चालणार नाही, असे फार यांचे म्हणणे होते. त्यांनी नावांची यादी आणि वर्गवारी केली. १८४५ मध्ये नोंदणी कार्यालयाने डॉक्टरांना मृत्यूच्या कारणाच्या कोऱ्या दाखल्यांची पुस्तके फुकट पाठवली. दाखला देणे सक्तीचे व्हायला मात्र १८७४ उजाडले.

आकडे गोळा झाल्यावर फार यांनी जे केले, ते मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत मोलाचे वाटते. १८४१ च्या आकड्यांवरून त्यांनी जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान काढले. सरे या ग्रामीण परगण्यात ४५ वर्षे, लंडनमध्ये ३७ आणि लिव्हरपूलमध्ये २६. एकच देश, एकच राणी. शहरात राहण्याची ही किंमत देवाने ठरवलेली आहे, असे मानणारे पुष्कळ होते. फार यांनी देशातले असे साठहून अधिक जिल्हे वेगळे काढले, जिथे वर्षाला दर हजार लोकांमागे १७ पेक्षा जास्त मृत्यू होत नव्हते. देशाची सरासरी तेव्हा २२ च्या आसपास होती. हे जिल्हे म्हणजे काही स्वर्ग नव्हता. तिथेही गरीब होते, डॉक्टर कमीच होते. तरीही तिथे हजारी १७ पुरत होते. मग याच्या वर जितके मृत्यू होतात ते टाळता येण्यासारखे आहेत, असा हिशेब त्यांनी मांडला आणि प्रत्येक शहरात असे जादा मृत्यू किती, हे वर्षानुवर्षे छापत राहिले.

यातली खुबी लक्षात घ्या. त्यांनी कल्पनेतले लक्ष्य ठेवले नाही. आपल्याच देशातल्या माणसांनी गाठलेले ठेवले. आपल्याकडचे २०१८-२० चे मातामृत्यूचे आकडे असेच वाचावेत. देशात लाखामागे ९७, आसामात १९५, महाराष्ट्रात ३३, केरळात १९. आसामला स्वीडनशी तुलना नको, केरळ पुरेसा आहे.

आणि हे आकडे नुसते कागदावर राहिले नाहीत. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात, मृत्युदर हजारी २३ च्या वर गेला तर त्या गावावर आरोग्य मंडळ लादता येईल, अशी तरतूद झाली. गटारे आणि पाणी यांवर खर्च करायला नाखूश असलेल्या नगरपित्यांना त्या एका आकड्याची धास्ती बसली. तिथे म्हातारे जास्त, इथे तरुण जास्त, म्हणून दर वेगळे, असा बचावही झाला. त्यावर फार यांनी वयोगटांप्रमाणे आयुर्मानाचे तक्ते केले. १८६४ च्या तिसऱ्या तक्त्याच्या हिशेबासाठी तर त्यांनी चक्क यंत्र वापरले. शॉइट्झ या स्वीडिश पितापुत्रांनी बॅबेजच्या कल्पनेवरून बनवलेले ते गणक यंत्र होते.

कॉलऱ्याबाबत मात्र हा आकड्यांचा माणूस चकला. १८४८-४९ च्या साथीत इंग्लंड-वेल्समध्ये ५३ हजारांहून अधिक माणसे गेली. फार यांनी लंडनच्या प्रत्येक भागाची थेम्सपासूनची उंची आणि तिथले मृत्यू यांचा मेळ घातला. जितकी वस्ती सखल, तितके मृत्यू जास्त. सूत्र इतके चपखल बसले, की कोणालाही मोह पडावा. नदीकाठच्या कुजक्या हवेतून रोग येतो ही तेव्हाची समजूत, आणि आकडे तेच सांगत होते. खरे तर सखल वस्त्यांच्या नशिबी थेम्सचे सर्वांत घाण पाणी येत होते. दोन गोष्टी हातात हात घालून चालतात म्हणून एक दुसरीचे कारण होत नाही, हे सांख्यिकीच्या पहिल्या तासाला शिकवतात. त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

जॉन स्नो हा डॉक्टर मात्र पाण्याकडे बोट दाखवत होता. फार यांना ते पूर्ण पटले नव्हते. तरी त्यांनी स्नो यांना मृत्यूंचे पत्ते दिले आणि १८५४ मध्ये दक्षिण लंडनच्या निबंधकांना आदेश दिला, की कॉलऱ्याने मृत्यू झालेल्या घरात कोणत्या कंपनीचे पाणी येते तेही लिहा. ज्याचे म्हणणे आपल्याला पटत नाही, त्याला आपलीच आकडेवारी खुली करून देणारे अधिकारी तेव्हाही दुर्मीळ होते. १८५८ मध्ये स्नो वारले. १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला आणि पूर्व लंडनमध्ये एकवटला. या वेळी फार यांनी हवेत वेळ घालवला नाही. ज्या भागात मृत्यू होत होते, तिथे ईस्ट लंडन कंपनीचे पाणी जात होते. आम्ही गाळलेलेच पाणी देतो, असे कंपनीने सांगितले. मग काही घरांच्या नळांतून ईल मासे निघाल्याची माहिती पुढे आली. ओल्ड फोर्डच्या उघड्या तळ्यांचे पाणी पुरवठ्यात मिसळले होते. साथीत लंडनमध्ये पाच हजारांहून अधिक लोक गेले. १८६८ मध्ये निघालेल्या अहवालात फार यांनी पाण्यावर ठपका ठेवला.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाहून परतल्या तेव्हा सैन्यातल्या मृत्यूंचे आकडे लावायला त्यांना फार यांचीच मदत झाली. दोघांचा स्वभाव उलटा. बाईंना आकडे चित्रातून, रंगांतून लोकांच्या अंगावर यायला हवे होते, फार यांना अहवाल कोरडाच बरा वाटे. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैन्याच्या आरोग्यावर १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला, त्यावर फार सदस्य होते. १८६३ च्या अहवालाने दाखवले, की या सैन्यात वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत आहेत, आणि बहुतेक लढाईत नव्हे तर छावणीतल्या रोगांनी. त्यानंतर बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांत आरोग्य आयोग नेमले गेले. काळजी होती ती गोऱ्या शिपायांची, हे खरेच. पण इथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे मूळ शोधत गेलात, तर वाट या अहवालावरून जाते.

याच जोडीने एक घोटाळाही केला. लंडनच्या २४ रुग्णालयांत १८६१ मधल्या एका दिवशी ४,२१४ रुग्ण होते आणि वर्षभरात ३,८२८ मृत्यू झाले. मृत्यूंना खाटांवरच्या रुग्णसंख्येने भागून त्यांनी मृत्युदर काढला, ९० टक्के. नाइटिंगेल यांच्या पुस्तकात तो छापून आल्यावर डॉक्टर खवळले, आणि माझ्या मते रास्तच खवळले. एका खाटेवर वर्षात कितीतरी रुग्ण येऊन जातात. भागायचे तर दाखल झालेल्या एकूण रुग्णांनी. शिवाय मोठ्या रुग्णालयात येणारा रुग्ण मुळातच जास्त आजारी असतो. सरकारी रुग्णालयात रोज ते दिसते. चार ठिकाणी फिरून, पैसे संपल्यावर, रात्री दोन वाजता रुग्ण आमच्याकडे पोहोचतो आणि वर्षअखेरीस मृत्युदर आमचा वाढतो.

सीमा ओलांडून देशांची तुलना करायची, तर सगळ्यांची यादी एक हवी. १८५३ मध्ये ब्रसेल्सला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने हे काम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांच्यावर सोपवले. दोघांनी १८५५ मध्ये पॅरिसला दोन वेगळ्या याद्या आणल्या. परिषदेने तडजोड करून १३९ कारणांची यादी मान्य केली, आणि देशांनी ती फारशी वापरली नाही.

कार्यालयाचे प्रमुख १८७९ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ती जागा फार यांना मिळेल असे सर्वांना वाटत होते. ती सर ब्रिजेस हेनिकर यांना दिली गेली. बहात्तरीतल्या फार यांनी राजीनामा दिला. गुंतवणुकीत पैसा बुडालेला होता. मित्रांनी मुलींसाठी निधी जमवला. १४ एप्रिल १८८३ रोजी लंडनमध्ये ते वारले.

दहा वर्षांनी, १८९३ मध्ये शिकागोला, झाक बर्टिलॉन या फ्रेंच सांख्यिकीतज्ज्ञाने मृत्यूच्या कारणांची नवी यादी मांडली. शरीराच्या भागांनुसार आजारांची विभागणी करण्याचे फार यांचे तत्त्व तिच्यात होते. १९०० मध्ये २६ देशांचे प्रतिनिधी तिच्यासाठी पॅरिसला जमले. १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि २०२२ पासून तिची अकरावी आवृत्ती लागू झाली.

आपल्याकडे रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४ अ भरतात. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंनाच डॉक्टरने कारणाचा दाखला दिला होता. जे दाखले आहेत त्यांतही कित्येकांवर हृदयक्रिया व श्वसन बंद पडल्याने मृत्यू असे लिहिलेले असते. ती तर मृत्यूची व्याख्या झाली. मधुमेहाने मूत्रपिंड गेले की क्षयाने फुप्फुस, ते त्यातून कळत नाही, आणि तो मृत्यू कुठल्याच लक्ष्याच्या हिशेबात धड बसत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर असा दाखला निबंधकाकडे पाठवणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे रुग्णालयांना बंधनकारक झाले आहे. ती प्रत मागून घ्या आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचा. समजले नाही, तर तिथल्या डॉक्टरला विचारा.