कडेला उरलेल्या कर्करोगाचा माग काढणारे डॉ. मोझ

हरळी वरवर खुरपली आणि जमिनीखाली मुळी राहिली, तर पाऊस पडताच ती पुन्हा फुटते. त्वचेच्या 'बेसल सेल' कर्करोगाचेही तसेच आहे. तो शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो. पण नाक, पापणी, कान अशा जागी त्वचेखालून, डोळ्यांना न दिसता पुढे सरकतो. वरची गाठ निघते, कडेला पेशी उरतात आणि काही वर्षांनी आजार परततो. या उरलेल्या पेशींचा माग काढण्यात डॉ. फ्रेडरिक मोझ यांनी आयुष्य वेचले.

मोझ यांचा जन्म १९१० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. मॅडिसन येथील विद्यापीठात शिकताना ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मायकेल गायर यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. तेथे उंदरांच्या गाठींत निरनिराळी रसायने टोचून परिणाम पाहिला जाई. झिंक क्लोराइडने गाठीतील पेशी मेल्या. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना जशीच्या तशी दिसली. मग कर्करोग जागच्या जागी असा टिकवून थराथराने काढला आणि प्रत्येक थर तपासला तर?

१९३६ मध्ये मोझ यांनी रुग्णांवर हा उपचार सुरू केला. झिंक क्लोराइडचा लेप लावायचा, नंतर थर काढायचा, त्याचा नकाशा आखायचा आणि खालची पूर्ण बाजू स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. जेथे कर्करोग दिसेल, तेवढ्याच जागी पुन्हा लेप. उपचार वेदनादायक होता आणि त्याला अनेक दिवस लागत. १९४१ मध्ये त्यांनी ४४० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. तरीही बहुतेक शल्यविशारद दूरच राहिले. असे जाळणारे लेप तेव्हा भोंदू वैदूही वापरत. पुढे ही पद्धत उचलून धरली ती त्वचारोगतज्ज्ञांनी.

१९५३ मध्ये पापणीच्या शस्त्रक्रियेचे चित्रीकरण सुरू असताना वेळ वाचवण्यासाठी मोझ यांनी लेप वगळला आणि जागा बधिर करून ताजाच थर तपासला. हे जमले. १९७० नंतर लेपाविनाच्या या पद्धतीचा प्रसार झाला आणि अनेक दिवसांचे काम बहुधा एका दिवसात होऊ लागले.

नेहमीच्या शस्त्रक्रियेत गाठीभोवती काही मिलिमीटर निरोगी त्वचा घेऊन तुकडा काढतात. प्रयोगशाळेत पाव कापावा तसे त्याचे मोजके काप पाहिले जातात. दोन कापांमधली कड न पाहिलेलीच राहते. मोझ यांच्या पद्धतीत वाटीचा तळ आणि काठ सपाट करून पाहावा, तशी संपूर्ण कड तपासली जाते. प्रथमच झालेल्या बेसल सेल कर्करोगात पाच वर्षांनंतर या पद्धतीचे यश सुमारे ९९ टक्के आढळते. डॉ. मोझ २००२ मध्ये निवर्तले. शस्त्रक्रिया आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

ही सोय सर्वत्र नाही आणि प्रत्येक गाठीला तिची गरजही नसते. पण मोझ यांचा धडा सर्वांसाठी आहे: जखम शिवली म्हणजे आजार संपला असे नव्हे. भारतीयांमध्ये हा कर्करोग कमी आढळतो. तो अनेकदा काळसर असल्याने तीळ किंवा चामखीळ समजला जातो. चेहऱ्यावरचा न भरणारा, खपली पडून पुन्हा रक्त येणारा व्रण डॉक्टरांना दाखवावा. शस्त्रक्रियेनंतर टाके निघाले की अनेक जण तपासणीचा अहवाल न्यायलाही येत नाहीत. तो जरूर घ्यावा आणि कडा कर्करोगमुक्त आहेत का, हे विचारावे. नसतील तर दरवेळी आजार परततोच असे नाही. पण पुन्हा शस्त्रक्रिया, किरणोपचार की बारकाईने देखरेख, हा निर्णय तेव्हाच व्हायला हवा. व्रण वरून भरून आल्यावर आत वाढणारा कर्करोग फार उशिरा दिसतो. तोवर नाकाचा किंवा पापणीचा भाग गमवावा लागू शकतो.