कड्याकपारींचा सोयरा : गो. नी. दांडेकर

लोणावळ्याहून तुंगार्ली-वळवणच्या बाजूने निघालेली वाट रानातून वळसे घेत राजमाचीला पोहोचते. दुसरी वाट कर्जतकडची. कोंदिवडे गाव मागे टाकून, कोंडाण्याच्या लेण्यांना स्पर्श करून ती अंगावरचा चढ चढत वर येते. दोन्ही वाटा उधेवाडीत मिळतात. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी वसलेली ही वाडी पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील. आज पावसाळ्यातल्या आणि काजव्यांच्या दिवसांतल्या शनिवार-रविवारी येथे माणसांची रीघ लागते. परंतु पन्नासच्या दशकात ही माची म्हणजे काही घरे, गुरे, नाचणी-वरईची खाचरे आणि भोवती काळे कातळकडे, एवढेच होते. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वाचकाच्या मनात या माचीला हक्काची जागा मिळवून दिली ती गोपाळ नीलकंठ दांडेकर अर्थात गोनीदा यांनी.

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातील परतवाडा येथे झाला. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख. डोंगरांची ओढ त्यांना तेथूनच लागली असेल काय, हे सांगणे कठीण. पण घराचा उंबरठा त्यांनी फार लवकर ओलांडला, हे खरे. वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, शालेय शिक्षण अर्धवट टाकून, स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेण्यासाठी ते बाहेर पडले. पुढची अनेक वर्षे भ्रमंतीची होती. गाडगे महाराजांच्या सहवासात राहून त्यांचा संदेश त्यांनी गावोगाव पोहोचवला, वेदान्ताचा अभ्यास केला, नर्मदेची परिक्रमा पायी पूर्ण केली. विद्यापीठाची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पायांखालून गेलेला मुलूख आणि त्या मुलखातली माणसे हीच त्यांची विद्या.

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास त्यांनी लेखनावरच जगण्याचा निर्णय घेतला आणि तळेगाव दाभाडे येथे बिऱ्हाड थाटले. केवळ लेखणीच्या बळावर संसार चालविणे त्या काळी धाडसाचेच होते. परंतु तळेगावची निवड त्यांच्या साहित्याला फार मोठे देणे देऊन गेली. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे मावळातले सारे किल्ले येथून पायी जाण्याच्या टप्प्यात होते. पाठीवर पडशी टाकावी, पहाटे निघावे आणि रात्री एखाद्या वाडीवर मुक्काम करावा, असा त्यांचा शिरस्ता झाला. मित्र, वाचक, तरुण मुले यांना सोबत घेऊन ते गडांवर जात. आप्तेष्टांत ते 'अप्पा' म्हणून ओळखले जात, आणि किल्ल्यांवर बरोबर येणाऱ्या तरुणांचेही ते अप्पाच झाले.

सह्याद्रीचा कातळ हा लाव्हाच्या थरांवर थर बसून घडलेला बेसॉल्ट. त्याचे कडे पायऱ्यापायऱ्यांनी उभे राहतात आणि दोन थरांच्या मधल्या पट्टीवर माची तयार होते. याच पट्टीवर पाणी साठते, माती टिकते, वस्ती होते. किल्ला बांधणाऱ्याने ही रचना ओळखली होती. कातळात टाकी खोदली, पायऱ्या कोरल्या, उरलेले काम कड्यावर सोपवले. १८१८ साली मराठी सत्तेचा अस्त झाल्यावर इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंगांनी उडवले. राबते गड ओस पडले, वाटा रानात बुजल्या. त्या वाटा ज्यांच्या पायांनी जिवंत ठेवल्या, ते गुराखी, ठाकर, कातकरी आणि माचीवरचे कुणबी. गोनीदांचे वेगळेपण हे की, गडाकडे पाहताना त्यांची नजर तटाबुरुजांवर न थांबता या माणसांपर्यंत गेली.

'माचीवरला बुधा' ही १९५८ सालची कादंबरी याची साक्ष आहे. मुंबईत आयुष्य घालवलेला बुधा उतारवयात राजमाचीवर परततो. तेथे त्याला सोबत असते ती झाडांची, पाखरांची, जनावरांची. कथानक म्हणावे असे फारसे काही घडत नाही; तरीही वाचकाला ती माची स्वतःची वाटू लागते. 'पवनाकाठचा धोंडी' मध्ये तुंग किल्ल्याची हवालदारी सांभाळणारा धोंडी भेटतो. सत्ता गेली, गड ओस पडला, तरी त्याचे इमान ढळत नाही. या कादंबरीवर १९६६ साली चित्रपटही निघाला. पुढे १९७०च्या दशकाच्या आरंभी पवना धरणाचे पाणी याच खोऱ्यात पसरले आणि धोंडीच्या मुलखातल्या कित्येक घरांना व शेतांना जलसमाधी मिळाली. त्यामुळे ही कादंबरी आता एका हरवलेल्या खोऱ्याची आठवणही झाली आहे.

कातळाशी माणसाचे नाते सर्वांत थरारक रूपात दिसते ते 'जैत रे जैत' मध्ये. पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका आणि त्याच्या कपारींना लटकलेली आग्यामोहळे ही या कथेची भूमी. ठाकर समाजातला नाग्या त्या डोंगरावरच्या राणीमाशीशी वैर घेतो. त्याची जैत, म्हणजे त्याचा विजय, त्याला मिळतो. पण चिंधीच्या जिवाच्या मोलाने. दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी १९७७ साली यावर चित्रपट केला. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या भूमिका, ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांमुळे तो घरोघरी पोहोचला. कर्नाळ्याच्या सुळक्यावर पुढे प्रस्तरारोहकांचे दोर चढले. पण तेथील मोहळांचा मान आजही राखावाच लागतो. धूर, गोंगाट वा उग्र सुगंध यांनी माश्या उठल्या तर कसलेल्या आरोहकाचीही धडगत नसते. डोंगराला गृहीत धरू नये, हा धडा नाग्याच्या कथेत आधीच सांगून झाला आहे.

गोनीदांचे लेखन विपुल आणि बहुविध आहे. कोकणची 'पडघवली', शिवकालावरील कादंबऱ्या, संतचरित्रे, कुमारांसाठीची पुस्तके अशी त्याची व्याप्ती. 'दुर्गदर्शन' आणि 'दुर्गभ्रमणगाथा' या पुस्तकांनी तर कित्येकांना प्रथमच घराबाहेर काढून गडाच्या वाटेला लावले. 'स्मरणगाथा' या आत्मकथनपर ग्रंथाला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. १९८१ साली अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अर्ध्या शाळेतून निघून गेलेला मुलगा पुन्हा वऱ्हाडात आला तो असा. १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या वीणा देव आणि जामात विजय देव यांनी कादंबऱ्यांच्या अभिवाचनातून हे साहित्य नव्या श्रोत्यांपर्यंत नेले. आता तेही दोघे आपल्यात नाहीत.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. मावळातला लोहगड त्यांत आहे; राजमाची आणि तुंग नाहीत. याचा खेद करण्याचे कारण नाही. यादीत नाव आले की रस्ता होतो, वाहनतळ होतो, गर्दी येते. गर्दी राजमाचीला यादीवाचूनही आलीच आहे. प्रश्न निराळा आहे. आज कड्यापर्यंत पोहोचणे सोपे झाले. साधने आली, नकाशे हातातल्या फोनवर आले. मात्र ज्याच्या ओसरीवर आपण पाठपिशवी टेकवतो आणि ज्याच्या टाक्यातले पाणी पितो, त्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक असते काय?

गोनीदांना ते ठाऊक असे. आडवाटेच्या डोंगरावर ते पाहुणे म्हणून गेले आणि सोयरे होऊन परतले. यंदा पावसाळ्यात राजमाचीला जाणाऱ्यांनी उधेवाडीत घटकाभर थांबावे, एखाद्या वृद्धाशी चार शब्द बोलावेत. बुधा अजून तेथे कोणत्या ना कोणत्या रूपात भेटेल. मग वरचा कडाही निराळा दिसू लागेल.