बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारे गडी दोराबजी टाटांनी पाहिले. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी संघ उभा राहिला. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्यात होते. तिथली मॅरेथॉन तब्बल ४२.७५ किलोमीटरची! सोबतच्या सदाशिव दातारांना ती पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले.

एवढं अंतर नुसत्या जिद्दीवर निघत नाही. पाय, पोट आणि पाण्याचा हिशोब सरावातच शिकावा लागतो. पालकहो, सेनगावात पोलीस भरतीसाठी पहाटे उपाशीपोटी धावणाऱ्या पोराला चक्कर आली, तर रागावू नका. काय खाल्लं, किती पाणी प्यायलं, ते वहीत लिहायला लावा. फसलेला सरावही शिकवतो.